उपाशी गोधडी

॥ श्री ॥
माण
२ डिसेंबर २०२४

ती. रत्नाआक्कास,
जनार्दनचा सा. न. वि. वि.

भैरूच्या जीपमधून तांदळाचं पोतं पोचलं. अपेक्षा सूनबाईनं त्याच संध्याकाळी भात लावला. वास जिन्यानं वर गेला आणि तिसऱ्या मजल्यावरचा आपला भाडेकरू निषाद, नागपूरकडचा पोरगा, पाण्याची मोटर कधी लावणार हे विचारायला खाली आला. मोटर तर चालूच होती. जेवूनच वर गेला.

तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे मी इकडून घसा कोरडा करायचा आणि तू तिकडून ‘बरं बरं, जेवलास का’ म्हणून फोन ठेवून द्यायचा. म्हणून हा कागद. कागदाला ओरडावं लागत नाही. आईनं आपल्या वाटणीत घोळ केला बघ, दोघांचे कान मला एकट्याला दिले. साहिलची आई गेल्यापासून तर रात्री बिछान्यात पडलो की कोण फाटकातून आलं, कुणाचा नळ गळतोय, कोण फोनवर कुणाची समजूत काढतंय, सगळं कानावर येतं. झोप तेवढी येत नाही.

आता मुद्द्याचं. श्रावणात मी आलो होतो तेव्हाचं तू विसरली असशील, मी विसरलो नाही. दार बडवून बडवून हात सुजला. शेवटी या वयात मागच्या भिंतीवरून चढलो, कौलं काढली, आत उतरलो, तर तू दाराकडे पाठ करून गोधडीला टाके घालत बसलेली. आणि मला बघून पहिलं काय म्हणालीस, तर कापडावर माती सांडलीस. आक्का, त्या अर्ध्या तासात माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते मी कागदावर लिहीत नाही. त्याच दिवशी तू शब्द दिलास की एवढी गोधडी हातावेगळी झाली की माणला येऊन राहते. तळमजल्यावरची खोली मी तेव्हापासून रिकामी ठेवली आहे. उंबरा काढून टाकला, भिंतीला धरायला दांडा बसवला.

श्रावण गेला, दिवाळी गेली. एका पावसाळ्यात दोन दोन गोधड्या उतरवणारी तू, आणि ही एक सरत नाही? अपेक्षाला ती बघायची फार हौस आहे. भैरूकडे दे, बघून परत पाठवतो. श्रावणात भाडेकरूंनी टाकलेले कपडे आणले होते, ते तुला चिंध्या म्हणून उपयोगी पडले असतील.

कळावे. लोभ आहेच, आणि तो धुतल्यावर आटणारा नाही.

तुझा,
जनार्दन

*

मुळशी
११ डिसेंबर

चि. जनार्दन यास रत्नाचे अनेक आशीर्वाद.

तुजं पत्र नलिनीनं चष्मा पुसून दिला तवा वाचलं. नलिनी म्हंजी शेजारची, तुला भजी घातली हुती ती. मी बरी हाय. भात झोडून झाला. पेंढा रचला. तू म्हनशील आक्का खळ्यावर गेली असंल, तर व्हय, गेले हुते. घरात बसून भात झोडला जात न्हाई.

तू आणलेले कपडे लावले. ती बनियनवानी कापडं कुठली रं? सुई घातली की ताणत्यात, सोडली की गोळा हुत्यात. मी त्येचे बारके बारके तुकडे केले आन एकेक तुकडा दोन जुन्या लुगड्यांच्या मधी बसिवला. दांडगं पोर दोन शहाण्या पोरांमधी बसिवलं की गप बसतं, तसं. एकावर इंग्रजी अक्षरं हुती. उलटी लागली का सुलटी ते तुज्या सुनेला इचार.

गोधडी धाडते. आईच्या हिरव्या लुगड्याचा काठ भवतीनं लावलाय. तुज्या दाजींचा निळा सदरा हाय, होडीत घालायचे तो. होडी अजून पडवीत पालथी ठिवलीय, खाली कोंबडी बसती. धरणाचं पाणी औंदा लांबवर आलंय, सकाळी बगळे पार आपल्या बांधापतूर येत्यात.

गोधडी व्हायाची हाय अजून. कडंनं आत आत शिवत आले, मधलं पोट तेवढं उगडं ऱ्हायलंय. थंडीनं बोटं वळत न्हाईत, दिवस बी लहान. घाई करून काय हुतं? बघा आन लगीच भैरूकडं परत द्या. मधल्या जागंला कुणी बोट लावायचं न्हाई. साहिलला, अपेक्षाला आशीर्वाद. माया हाय तशी ठिव.

रत्ना

*

॥ श्री ॥
माण
२० डिसेंबर

ती. रत्नाआक्कास,
जनार्दनचा सा. न. वि. वि.

गोधडी दिवाणखान्यात पसरली आणि मी तिच्याभोवती फिरत राहिलो. आक्का, मी चौदाव्या वर्षी दुसऱ्याच्या मंडपाचे बांबू वाहायला लागलो आणि आज मुळशी तालुक्यात माझा मंडप लागल्याशिवाय मोठं लग्न होत नाही. सगळा जन्म कापड ताणण्यात गेला. कापडात एके ठिकाणी सुरकुती मोडली की ती दुसरीकडे कुठे जाऊन बसते ते मला झोपेत कळतं. तुझ्या गोधडीत मी सुरकुती शोधली. नाही सापडली. सुती, रेशमी, ताणणारं, विटलेलं, कुठल्या कुठल्या जातीचं कापड, आणि सगळं एका पातळीत निजलेलं. टाक्यांच्या ओळी भातखाचराच्या बांधासारख्या, कोपऱ्यावर आल्या की वळतात आणि आत जातात. पट्टी लावलीस की काय असं निषादनं विचारलं. मी म्हटलं आमच्या आक्काच्या घरात पट्टी फक्त मला मारायला होती.

त्याच निषादची एक गंमत. बघता बघता तो खाली वाकला आणि एका केशरी तुकड्यावर हात ठेवून राहिला. त्याच्या पहिल्या नोकरीचा टी-शर्ट. ती कंपनी बंद पडली म्हणे. फेकलेला शर्ट असा बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं, एवढंच बोलला. अक्षरं उलटी लागली आहेत, पण ती तशीच बरी दिसतात असं अपेक्षाचं मत पडलं.

आता तुला एक आनंदाची बातमी. थंडीनं तुझी बोटं वळत नाहीत, नजरही पूर्वीची राहिली नाही, हे मला कळत नाही होय? मधला तो हातभर चौकोन तेवढा राहिला होता. मी गोधडी आपल्या गोदामात नेली. आपला भिकू मास्तर, जो ताडपत्र्या शिवतो, त्यानं मशीनवर घेतली आणि चहा गार व्हायच्या आत मिटवून टाकली. नायलॉनचा दोरा आहे, हत्तीनं ओढला तरी तुटायचा नाही. मास्तर जरा कुरकुरला, की मध्यावर कापडाची चाळण झाली आहे, आक्कांनी एकाच जागी इतक्या वेळा सुई का घातली. मी म्हटलं वय झालं, टाका चुकला असेल, उसवून परत घातला असेल.

तर गोधडी झाली. आता सबब नाही. रविवारी गाडी घेऊन येतो. कोंबड्या नलिनीला दे, तुळस सोबत घे.

खोलीइतकाच लोभही तुझ्यासाठी राखून ठेवला आहे.

तुझा,
जनार्दन

*

मुळशी
२१ डिसेंबर

जनार्दन यास,

भैरू उभा हाय म्हनून चार वळी लिवते. तुला सांगितलं हुतं बोट लावू नगं. तू मशीन लावलंस.

पोटात काय घातलंस का? न्हाई. तुला आठवण तरी हाय का, आई मधला चौकोन मिटवायच्या आधी त्यात मूठभर नवं तांदूळ घालायची. गोधडी पोटभरून मिटवायची, उपाशी मिटवली तर ती पांघरणाऱ्याची झोप खाती. गूळ घालायची न्हाई, मुंग्या हुत्यात म्हनून. तू तेच तांदूळ बोटानं उकरून चावत बसायचास आन मला मार बसायचा. चावलेलं ध्यानात न्हाई, तर घातलेलं कुटलं ऱ्हाणार.

रविवारी गाडी आणू नगंस. गोधडी परत धाड. उपाशी गोधडी घेऊन मी कुणाच्या घरी यायाची न्हाई.

रत्ना

*

मुळशी
२६ डिसेंबर

ती. बाबांस,
अपेक्षाचा सा. न. वि. वि.

मी परवा गोधडी घेऊन इथे पोचले ते तुम्हाला साहिलनं सांगितलं असेलच. ऑफिसला नाताळची सुट्टी आहे, म्हणून अजून दोन दिवस राहते. इथे पडवीच्या एका कोपऱ्यात उभं राहिलं तर फोनला रेंज येते. पण हे मला फोनवर सांगायचं नाही, आणि तुमच्या समोर बसून तर मुळीच जमणार नाही. भैरूदादा संध्याकाळी निघणार आहेत, त्यांच्याकडे देते.

आत्यांनी आल्या आल्या गोधडी उन्हात पसरली आणि अर्ध्या ब्लेडनं मास्तरांचा दोरा काढायला बसल्या. नायलॉन असा की ओढला तर कापड फाटेल. प्रत्येक टाका वेगळा कापायचा आणि चिमटीनं उपटायचा. मी मदतीला बसले तर माझी घाई बघून त्यांनी मला पोहे निवडायला लावलं. त्यांचं उसवणं बघत राहावं असं आहे, बाबा. आपल्याला काही फाडायचं म्हटलं की हात जोरात चालतो. त्यांचा उसवताना शिवण्यापेक्षा हळू चालतो.

मग त्यांनी माझं बोट धरून गोधडीच्या मध्यावर फिरवलं. तिथे खरंच चाळण आहे. ती मास्तरांच्या मशीननं झालेली नाही. आत्यांची नजरही चुकत नाही, मी ओवायला घेतलेली सुई त्यांनीच ओवून दिली. ही गोधडी दसऱ्याच्या आधीच शिवून झाली होती. मधला चौकोन त्यांनी मिटवला, रात्रभर विचार केला आणि सकाळी उसवला. मग पुन्हा मिटवला, पुन्हा उसवला. किती वेळा ते त्या मोजत बसलेल्या नाहीत.

झाली असं कळवलं की जना गाडी घेऊन येणार, आणि त्यानं इतक्या मायेनं खोली राखलेली असताना नाही म्हणायला मला तोंड नाही, असं त्या म्हणाल्या. मी विचारलं, यायचं का नाही? (विचारलं म्हणजे पाटीवर लिहिलं. त्यांच्याकडे शाळेतली पाटी आहे.) त्यांनी पाटी पुसून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, “हितं मला ऐकू येत न्हाई हे कुणाच्या ध्यानात बी नसतं. तितं आले की मी बहिरी म्हातारी हुईन.”

दोन दिवस मी तेच बघतेय. बगळे उडाले की त्यांना कळतं बांधावर कोणी आलंय. कोंबड्यांनी माना वळवल्या की कळतं मांजर कुठे आहे. नलिनीताई येतात त्या अंगणातून सरळ त्यांच्या नजरेच्या रेषेत चालत येतात, गप्पा हातवाऱ्यांनी, आणि हसणं आपल्यासारखंच मोठ्यानं. आपल्या घरी सगळे एकदम बोलतो आणि एकदम हसतो. आत्या मागच्या वर्षी दिवाळीला आल्या होत्या तेव्हा आपण हसलो की त्याही हसायच्या. का हसलो ते आपल्यापैकी कोणी त्यांना सांगितलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

पण तुमची काळजीही खोटी नाही. दार बंद असेल तर दाराबाहेरचं त्यांना खरोखरच कळत नाही. त्याला काय करावं ते मला सुचलं नाही.

हे तुम्हाला सांगू नकोस असं त्यांनी मला बजावलं. मी हो म्हटलं नाही आणि मानही हलवली नाही, म्हणून लिहिते आहे. रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा, पण लोभ कमी करू नका.

आपली,
अपेक्षा

*

॥ श्री ॥
माण
३ जानेवारी २०२५

ती. रत्नाआक्कास,
जनार्दनचा सा. न. वि. वि.

गोधडी मी उपाशी मिटवली, ही चूक माझी. भिकू मास्तरला बोल लावू नकोस, तो बिचारा ताडपत्रीचा माणूस, ताडपत्रीला पोट नसतं. तांदूळ चावल्याचं मला चांगलं आठवतं. मार तुला बसायचा हे मात्र तू सांगितल्यावर आठवलं.

आता एक गोष्ट सांगतो, ती मनाला लावून घेऊ नकोस. तळमजल्यावरची खोली मी भाड्यानं देऊन टाकली. सोलापूरकडची ऋतिका नावाची मुलगी आहे, कंपनीत लागली आहे, फार गरजू दिसली. तुझी वाट तरी किती बघायची? तेव्हा आता तू यायचं म्हटलंस तरी जागा नाही. गोधडी सावकाश कर, नाहीतर लवकर कर, नाहीतर अजिबात करू नकोस. तिचा आणि गाडीचा आता काही संबंध राहिला नाही.

मात्र मला पुन्हा कौलं उचकटायला लावायची नाहीत. भैरूबरोबर आपला वायरमन गेणबा येतोय. त्याच्याकडे लग्नाच्या मंडपातली दिव्यांची माळ दिली आहे. दाराबाहेर बटण बसवील, माळ घरात चुलीच्या वरच्या भिंतीवर आणि तू शिवायला बसतेस त्या कोपऱ्यात. बाहेरून कोणी बटण दाबलं की आत दिवे उघडझाप करतील. बिनतारी घंटा नलिनीच्या घरी देणार आहे, आणि तिचं बटण तुझ्या उशाशी. तू दाबलंस की तिच्याकडे घंटा वाजेल. नलिनीचे कान ठीक आहेत ना? नसतील तर तिलाही माळ देतो.

आक्का, तुझं काम मी जन्मभर पाहिलं आणि आता या वयात नीट पाहिलं. कापड जोडणाऱ्याला उसवायचं धाडस नसतं. ते तुझ्यात आहे. याहून जास्त लिहीत नाही, तू हुशार आहेस.

लोभ आहे तिथेच असू दे, तूही आहेस तिथेच राहा.

तुझा,
जनार्दन

*

मुळशी
१९ जानेवारी

चि. जनार्दन यास रत्नाचे अनेक आशीर्वाद.

गेणबा येऊन माळ लावून गेला. लाल, हिरवं, पिवळं, समदं एकदम लुकलुकतं. नलिनी ताक मागाय आली तरी घरात लगीन लागल्यावानी हुतं. पहिल्या दिवशी तिची नातवंडं दिसभर बटण दाबीत बसली. म्या दर बारीला उठून दार उगडलं. शेवटी कंटाळून त्येंनाच आत घेतलं आन कापडं वेगळी कराय बसिवलं.

खोली भाड्यानं दिलीस हे बरं केलंस. मला काय वाईट वाटलं न्हाई. भैरू मातुर म्हनत हुता की खोलीला कुलूप हाय आन आतमधी दांडा तसाच हाय. तुजी ती भाडेकरू पोरगी लई शांत दिसती. तिला म्हनावं संक्रांतीला येऊन तिळगूळ देऊन जाईन म्हनत हुते, जमलं न्हाई. होळीला येईन. चार दिस ऱ्हाईन आन परत जाईन.

अपेक्षाच्या पोटात काय ऱ्हात न्हाई हे मला पोह्यांच्या दिवशीच कळलं. चांगली पोर हाय.

आता ऐक. ती माळ तुज्या जुन्या कनातीच्या कापडात गुंडाळून आली हुती. लाल-पिवळं, उन्हानं इटलेलं, पर घट. गोधडीच्या मधी माजी सुई आन तुजं मशीन मिळून पार चाळण झालीती, तितं नवा टाका धरत नव्हता. ती कनात कापून वर ठिगळ बसिवलं. खाली नवं तांदूळ घातलं, दोन मुठी. एक मागचा उपास सोडाय. मग मिटवली. सांजच्याला मिटवली आन सकाळी उसवली न्हाई.

गोधडी तुला हाय. पहिल्यापासनं तुलाच हुती. लहानपणी आपल्या दोघांत एक हुती आन तू ती रातभर तुज्याकडं वढायचास. आता ही तुजी एकट्याची. हिला वढणारं कुणी न्हाई. भैरूकडं देते.

दुसरी धरलीय. निषादला म्हनावं आनखी कुठली कंपनी बंद पडली असंल तर शर्ट धाड. माया करतोस तशी करीत ऱ्हा, पर मशीन लावू नगंस.

रत्ना

*

॥ श्री ॥
माण
२४ जानेवारी

ती. रत्नाआक्कास,
जनार्दनचा सा. न. वि. वि.

गोधडी पोचली. मधलं ठिगळ मी बघितल्याबरोबर ओळखलं. ही कनात मी स्वतःच्या धंद्यातली पहिली म्हणून घेतली होती, फाटल्यावर गोदामात सामान गुंडाळायला टाकली. तू तिला कुठे नेऊन बसवलंस. चारी बाजूंनी टाके असे घेतलेस की ठिगळ कुठलं आणि मूळ कुठलं हे माझ्या बोटांना लागत नाही. भिकू मास्तरला दाखवली. तो हात पुसून आला, मग हात लावला. 

खोलीतल्या भाडेकरू मुलीला तुझा निरोप दिला. होळीला ती आपल्या गावी जाणार आहे म्हणे, तेव्हा तुझी सोय होईल. भैरूला मात्र मी जीप सोडून दुसरं काही चालवू नकोस असं सांगितलं आहे, विशेषतः तोंड.

काल रात्री गोधडी पांघरली. जड आहे. कुणीतरी अंगावर हात ठेवून बसल्यासारखी जड. मध्यावर बोट फिरवलं तर आतले तांदूळ सरकतात ते कळतं. उकरायचा मोह झाला, पण मार कुणाला बसेल हे आता माहीत असल्यामुळे हात आवरला. सकाळी साहिल तणतणत खाली आला. रात्री कुणीतरी फाटक उघडं टाकलं, कुत्री आत शिरली, निषाद काठी घेऊन धावला, वरच्या टाकीचं पाणी भरून जिन्यावर वाहिलं, सगळी इमारत जागी झाली, आणि बाबा तुम्ही कसे उठला नाहीत, असं तो विचारत होता.

आक्का, मला काहीच ऐकू आलं नाही. एका रात्रीपुरती तुझी माझी वाटणी सारखी झाली.

जास्त लिहीत नाही. अजून जरा पडावं म्हणतो.

तुझ्या लोभाखाली,
जनार्दन